लग्नगडी आणि त्यांचीं मुलें : एका ग्रंथाचें साधनमूल्य

गोदावरी परुळेकर ह्यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ १९७० सालीं प्रसिद्ध झाला व १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाङ्मय म्हणून त्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. इतिहासाचें साधन म्हणून त्याची पारख करावी, एवढाच आमचा येथें हेतु आहे.

ग्रंथाचा विषय डहाणू व उंबरगांव तालुक्यांतील वारल्यांचा १९४५ पासूनचा लढा होय. आजचा तलासरी तालुका तेव्हां उंबरगांवांत मोडे. २३ मे १९४५ ची झरीची सभा ह्याच मुलखांत भरली. लग्नासाठीं कर्ज काढणारा तरुण सावकाराच्या वाडीवर ‘लग्नगडी’ म्हणून राबे. त्याच्या मागोमाग बायको आणि पुढें मुलेंही राबत. कर्ज एकाचें, फेड साऱ्या घराची, हें ह्या वेठीचें मर्म होय.

लेखिका लढ्याच्या पुढारी, आणि लेखन घटनेनंतर पंचवीस वर्षांनीं झालेलें. तेव्हां त्यांतील संवाद शब्दशः पुरावा म्हणून धरतां येणार नाहींत. परंतु पद्धतीच्या अस्तित्वाविषयीं शंकेस जागा नाहीं. लढ्यापूर्वीच, सरकारी अधिकारी सिमिंग्टन ह्यांच्या १९३९ च्या अहवालांत तिची दखल घेतलेली आहे.

मुलांविषयीं आणखी एक साक्ष मिळते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडास काम केलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत, म्हणून त्यांनीं ‘कुरणशाळा’ काढून शाळाच गुरांमागें नेली. गुराखी मूल दिसलें कीं तें लग्नगड्याचेंच, असें मात्र मानूं नये. घरचीं गुरें राखणारींही पुष्कळ असत. तथापि वेठ मोडली तेवढ्यानें मूल कामांतून सुटलें नाहीं, हें ह्यावरून उघड होतें. वेठबिगारीस बंदी करणारा कायदा १९७६ सालीं झाला. तरी वीटभट्ट्यांच्या हंगामांत ह्या भागांतील कुटुंबें आजही मुलांसह स्थलांतर करतात.

संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, सावकारी रोखे व वह्या जतन कराव्या, पण त्यांवरच विसंबूं नये. रोखा ऋणको कोण तें सांगतो; त्यापायीं कोणाचें बालपण खर्ची पडलें, तें सांगत नाहीं. तें सांगणारे वृद्ध हयात आहेत तोंवर त्यांच्या तोंडची हकीकत, गांव व नातें नोंदून, उतरून घ्यावी. ह्या ग्रंथाची खरी पूर्तता त्यानेंच होईल.