जिजाईची बाजू : ‘स्मृतिचित्रे’ देहूत वाचताना

ऑफिसातला एक मित्र रविवारी चर्चमध्ये ‘स्लाइड्स’ बघतो. म्हणजे उपासनेत जे गीत चालू असेल त्याचं कडवं वेळेवर पडद्यावर आणायचं, पाळकांच्या माइकचा सेल उतरत नाही ना ते बघायचं आणि घरी बसून बघणाऱ्यांसाठी ट्रायपॉडवर फोन लावून ठेवायचा. याचे पैसे मिळत नाहीत, याला सेवा म्हणतात. मागच्या पावसाळ्यात त्याने मला एक फाइल पाठवली. त्यातली गीतं जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली होती, नव्या लॅपटॉपवर उघडली की चिन्हांची खिचडी दिसायची. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, पण जोडाक्षरं काही ऐकेनात. शेवटी दोन रात्री बसून ओळ न् ओळ डोळ्यांनी तपासली.

(दुखणं जुनंच आहे म्हणा. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. ते देवनागरीत छापून यायला १९५६ उजाडलं.)

तपासताना कळलं की यातल्या बऱ्याच गीतांखाली ना. वा. टिळक हे नाव आहे. मी देहूचा. अभंग कानावर इतका पडलेला असतो की त्याचं वजन जिभेला आपोआप कळतं. टिळकांचे अभंग वाचताना ते वजन तंतोतंत आपलं आणि नाव मात्र ख्रिस्ताचं, याची आधी गंमत वाटली, मग जरा अस्वस्थ व्हायला झालं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांचं नावही तुकाराम होतं, रेव्हरंड तुकाराम नाथोजी. टिळकांमुळे मी लक्ष्मीबाईंकडे गेलो. ‘स्मृतिचित्रे’ शाळेत धड्यापुरतं वाचलं होतं, या वेळी अखंड वाचलं.

या पुस्तकाबद्दल एक ठरलेलं बोललं जातं. विनोदी, निर्मळ, प्रांजळ. भोळसट कवी आणि खमकी बायको. हसता हसता डोळ्यांत पाणी. यातलं काही खोटं नाही. पण या कौतुकात पुस्तकाचा अर्धा ऐवज नजरेआड होतो असं मला वाटतं. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतलं धर्मसेवेच्या रोजच्या कामाबद्दलचं सर्वांत सविस्तर पुस्तक आहे. धर्मप्रसारकाच्या चरित्रात प्रवचनं येतात, शंका येतात, साक्षात्कार येतात. इथे हे सगळं येतंच, पण त्यामागे घर दिसत राहतं. पैसा टिळकांच्या हातात टिकत नाही. कोणीही माणूस घरी येतो आणि राहतो. बालकवी ठोंबरे असेच या घरात राहून गेले. आज मराठी कवितेच्या इतिहासात त्या मुक्कामाला मोठं स्थान आहे. त्या दिवसांत ते आणखी एक पान वाढणं होतं.

जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनरीने १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवून वाचावं. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यासी झाले आणि पुढे साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. चरित्रकाराच्या दृष्टीने हा आयुष्याचा कळस आहे, आणि टिळकांच्या बाजूने तो आहेच. परदेशी पैशावर उभं असलेलं मिशन आणि इथली भक्ती यांतलं अंतर त्यांना सलत होतं, आणि त्या काळात असं पाऊल उचलायला धैर्य लागत होतं. पण पगार सोडणं ही दोन माणसांची घटना असते. एकाच्या खात्यात ती वैराग्य म्हणून जमा होते. दुसरीच्या खात्यात काय म्हणून लिहायची, याला आपल्या परंपरेत शब्दच नाही.

देहूत याला शब्द नाही, पण एक नाव आहे. जिजाई, म्हणजे आवली. तुकोबा भंडाऱ्यावर नामात रमलेले आणि ही भाकरी घेऊन डोंगर चढते आहे. पायात काटा मोडतो आणि तो काढायला खुद्द विठ्ठल येतो, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. कीर्तनात तिला कजाग केली जाते, लोक हसतात. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये गौरीने ही भूमिका अशी केली की पहिल्यांदा कुणाला तरी तिची बाजू दिसली. भांडी, पोरं, म्हैस, रिकामे डबे. पण तिथेही संवाद लिहिणारे दुसरेच होते. जिजाईने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. लक्ष्मीबाईंनी लिहिलं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ साली, चित्रपटाच्या दोन वर्षं आधी. हे पुस्तक मी जिजाईच्या बाजूने लिहिलेलं म्हणून वाचतो, आणि मग त्यातला विनोद वेगळा ऐकू येतो. कीर्तनात बुवा जिजाईला हसतात. इथे ती स्वतः हसते आहे, आधी स्वतःला आणि मग संताला.

पुस्तकाचा खरा गाभा मला मधल्या काळात दिसतो. टिळकांना रेल्वेत एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला, साल १८९३, नागपूरहून राजनांदगावला जाताना. दोन वर्षांत बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंना यातलं काही विचारलेलं नव्हतं. पुढची काही वर्षं ताटातूट, त्यातला बराच काळ पंढरपुरात. नवऱ्याच्या तुकोबांचा विठोबा समोर, आणि नवरा ख्रिस्ताकडे. मग त्या परत त्यांच्याकडे नगरला गेल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. चूल आपली, पाणी आपलं, सोवळं आपलं. त्या सोवळ्याच्या अतिरेकी घरात वाढल्या होत्या. त्यांच्या वडिलांचं सोवळं हे पुस्तकातलं एक विलक्षण प्रकरण आहे.

आमच्या धंद्यात जुनी प्रणाली बदलताना एक पद्धत असते. नवी सुरू करायची, जुनी बंद करायची नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालवायच्या आणि एकेक काम इकडून तिकडे न्यायचं. याचा खर्च दुप्पट आणि श्रेय शून्य, कारण सगळं नीट झालं तर काही घडल्याचं कुणाला दिसतच नाही. लक्ष्मीबाईंचं धर्मांतर असं झालं. एका छपराखाली दोन धर्मांची दोन स्वयंपाकघरं, आणि दोन्हींचा भार एकाच बाईवर. मग कधीतरी, जात माणसाने केलेली आहे हे आतून पटल्यावर, कुणाच्याही हातचं पाणी चालू झालं. १९०० साली बाप्तिस्मा झाला, पण तोवर खरा बदल होऊन गेलेला होता. तो पाण्याच्या भांड्यापाशी झाला. टिळक वाचनातून आणि तर्कातून जिथे पोचले, तिथे या पाणी भरत पोचल्या. धर्मांतरावरच्या आपल्या वादांमध्ये नेहमी तत्त्वज्ञान तरी असतं नाहीतर आमिष तरी. ही तिसरी वाट कुणी मांडत नाही, आणि त्या वाटेचा इतका बारीक नकाशा माझ्या वाचनात दुसरा नाही.

हीच वाट पुढे प्लेगच्या छावणीत जाते. तिथली रुग्णसेवेची पानं पुन्हा वाचावीत. सोवळ्यात वाढलेल्या बाईचे हात आता कुठे आहेत हे ती स्वतः बोट दाखवून सांगत नाही.

पुस्तकाविरुद्ध माझी एक तक्रार आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद टिळकांना फार लवकर सोडून देतो. एखादा प्रसंग असा उभा राहतो की आता हिशेब होणार, आणि तेवढ्यात त्या एक खुसखुशीत वाक्य टाकून निसटतात. सुटका कुणाची होते? नवऱ्याची, आणि वाचकाचीही. आपण हसून पान उलटतो. प्रेम होतं हे दिसतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण काही ठिकाणी मला त्यांनी रागावून राहायला हवं होतं, निदान एक परिच्छेद तरी.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मात्र बायकांचं मागचं काम उघड्यावर आलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं आणि मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकामुली खिळे जुळवायला बसल्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, बायबल १९२४ मध्ये आलं. तिथे छपाई हे कौशल्य होतं, शिकवलं जात होतं आणि काम म्हणून मोजलं जात होतं. लक्ष्मीबाईंच्या घरातल्या कामाला असा छापखाना नव्हता.

मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आमच्या पाळकबाई बघ ना.” व्हॉट्सॲपवरचे प्रार्थनेचे निरोप त्या टाकतात, आजाऱ्यांची यादी त्या ठेवतात, कुणाकडे डबा पोचला नाही हे त्यांनाच ठाऊक असतं. पत्रिकेवर नाव पाळकांचं. आमच्या दिंडीतही वेगळं नाही. विणेकऱ्याला सगळे ओळखतात. पहाटे तीनला उठून पिठलं कोण घालतं हे पुढच्या मुक्कामाला कुणी विचारत नाही, मीही कधी विचारलेलं नाही.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’चे पहिले काही अध्यायच झाले होते. उरलेलं महाकाव्य, म्हणजे त्याचा बहुतांश भाग, लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं. लिहावाचायला लग्नानंतर नवऱ्याकडून शिकलेल्या बाईने. फाइल परत पाठवताना मी मित्राला विचारलं, यात लक्ष्मीबाईंचं काही आहे का? त्याने शोधून सांगतो म्हटलंय. त्यांच्या कवितांचा एक संग्रह आहे, तो मला आता मिळवायचा आहे. नाव ‘भरली घागर’.