शास्त्रांतील परिवर्तन : तीन पद्धति व एक पोथी

शास्त्र कसें बदलतें, हें ठरविण्याच्या पद्धति मुख्यतः तीन दिसतात. पहिली थॉमस कून यांनीं १९६२ सालीं मांडलेली. तिला आम्ही क्रांतिपद्धति म्हणतों. जुनी विचारचौकट अडचणींनीं खिळखिळी होते व तिच्या जागीं नवी येते, हा तिचा सिद्धांत. दुसरी वंशपद्धति, ग्रंथांतील ग्रहगतीचे अंक कोणत्या पूर्वग्रंथांतून आले, हें ती शोधते. संस्कृत ज्योतिषाच्या हस्तलिखितांची विस्तृत सूचि करणारे डेव्हिड पिंग्री हे तिचे अग्रणी. तिसरी पडताळ्याची, ग्रंथोक्त ग्रह आधुनिक गणिताशीं ताडून, ज्या काळीं अंतर अत्यल्प येतें तो वेधांचा काल, असें ती मानते. रोजे बियार यांनीं १९७१ सालीं ती भारतीय ज्योतिषास लाविली. पिंग्री यांस तिचे निष्कर्ष मान्य झाले नाहींत, व वाद तेथेंच अडला.

हा वाद आम्हांस अनाठायीं वाटतो. गणेश दैवज्ञाचें ग्रहलाघव घ्या. त्याचा आरंभ शके १४४२ (इ. स. १५२०). त्यांत रवि सौरपक्षाचा; चंद्र त्याच पक्षाचा, पण ९ कला उणा; गुरु व मंगळ आर्यपक्षाचे; शनि आर्यपक्षाचा, पण ५ अंश अधिक. चौकट मोडलेली नाहीं, म्हणून क्रांतिपद्धति यास नित्याचें शास्त्रकार्य म्हणून पुढें जाईल. वंशपद्धति गुरूचें कुळ बिनचूक सांगेल. परंतु शनीचे ५ अंश तिला आर्यपक्षांत सांपडणार नाहींत. पडताळा त्या ५ अंशांचें मोल सांगेल. पण लेखकप्रमादानें बिघडलेला अंक गणितांत घातला, तर निष्कर्षही बिघडेल.

तात्पर्य, पद्धतीची व्याख्या तिच्या कैवाऱ्यावरून न करितां तिच्या प्रश्नावरून करावी. चौकट मोडली काय, अंक कोठून आला, तो आकाशाशीं जुळतो काय, हे प्रश्न भिन्न आहेत. एकाचें उत्तर दुसऱ्यास खोडीत नाहीं. आणि तिन्ही उत्तरांस शुद्ध पाठाचा आधार लागतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. सिद्धांतग्रंथ जपावेत, त्याचप्रमाणें करणग्रंथ, सारण्या व जुनीं पंचांगें क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. समासांत निराळ्या हातानें लिहिलेला अंक नकलेंत गाळूं नये. तो कोणत्या पानावर, कोणत्या शाईनें आहे हेंही टिपावें. परिवर्तनाचा एकमेव साक्षी कदाचित् तोच असेल.