०२५१ चे १६९ कसे होतात?

संगणकाच्या आज्ञावलीला काम सुरू करण्यापूर्वी काही माहिती बाहेरून द्यावी लागते. शाळेचे नाव, पत्ता, पाळीची वेळ, दूरध्वनी वगैरे. ही माहिती ज्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. ती लिहिण्याच्या पद्धतींपैकी २००१ साली पुढे आलेली 'यामल' ही आज फार वापरात आहे. माणसाला सहज वाचता येते, ही तिची ख्याती. ती आम्हाला अर्धीच खरी वाटते.

उल्हासनगर कॅम्प ५ मधील एक शाळा कल्पू. डावीकडे नाव, मग कोलन, उजवीकडे मूल्य, अशा ओळी लिहायच्या. एसटीडी कोड: ०२५१. सकाळची पाळी: ०७:००. दुपारची पाळी: १२:३०. (फाइलीत अर्थात इंग्रजी आकडे असतात.) वाचायला यापेक्षा सोपे काय असणार? परंतु २००५ च्या यामल १.१ या आवृत्तीच्या नियमांनुसार ही फाइल वाचली, तर आज्ञावलीच्या हाती कोड म्हणून १६९ पडतात. शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीतली मानायची, असा नियम आहे. २×६४ + ५×८ + १ = १६९. दुपारची पाळी होते ७५०, कारण कोलन दिसला की षष्टिमान पद्धत, म्हणजे १२×६० + ३०. सकाळची पाळी मात्र शून्याने सुरू होत असल्याने या नियमात बसत नाही आणि मजकूरच राहते! लातूरचा कोड ०२३८२ हाही बचावतो. अष्टमानात ८ हा अंकच नसतो.

म्हणजे लातूरच्या शाळेत तपासून निर्दोष ठरलेली आज्ञावली उल्हासनगरात पालकांना चुकीचा क्रमांक कळवील, आणि कोठेही त्रुटीचा संदेश उमटणार नाही. आमचा मुख्य आक्षेप या मुकाट्याने होणाऱ्या बदलावर आहे.

'अवतरणचिन्हे घाला, प्रश्न मिटेल,' असे यामलचे समर्थक सांगतात. खरे आहे. पण कोठे घालायची हे ज्याला कळते त्याला हे सारे नियम आधीच पाठ असावे लागतात. शाळेच्या कारकुनाकडून ही अपेक्षा करायची काय? २००९ च्या १.२ आवृत्तीने षष्टिमान काढून टाकले. तरी तिच्या नेहमीच्या नियमांत ०२५१ चे २५१ होतात, आणि पायथॉन भाषेतले 'पाययामल' हे बहुपरिचित साधन तर अजून १.१ चेच नियम पाळते. नॉर्वेचे संक्षिप्त नाव 'एनओ' तेथे 'नाही' असे वाचले जाते, हा किस्सा या क्षेत्रात प्रसिद्धच आहे. अंदाज बांधण्याची ही खोड यामलपुरती नाही. एक्सेल काही मानवी जनुकांच्या नावांच्या तारखा करी, म्हणून २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर झाले.

मुळात कॅम्प ५ मधला ५ ही संख्या आहे का? दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी कॅम्पांचे क्रमांक राहिले. कॅम्प २ आणि कॅम्प ३ मिळवून कॅम्प ५ होत नाही. तो अंकांत लिहिलेला नावाचा भाग आहे. वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा. पिनकोड, हजेरी क्रमांक, वजन, तापमान यांपैकी कशाची बेरीज किंवा सरासरी अर्थपूर्ण ठरते?

२०१३ चे 'टॉमल' अधिक काटेकोर आहे. मजकुराला तेथे अवतरणचिन्हे सक्तीची, आणि उघडे ०२५१ लिहिले तर ते सरळ चूक दाखवून थांबते. 'नेस्टेडटेक्स्ट' आणखी पुढे जाते. त्यात प्रत्येक मूल्य मजकूरच. त्यातील कशाची संख्या करायची, कशाची वेळ, हे वाचणारी आज्ञावली स्वतःच्या तक्त्यावरून ठरवते. आम्हाला ही वाटणी सर्वांत पटते, कारण कोड मजकूर हवा की संख्या हे वापरणाऱ्यालाच ठाऊक असते. मात्र तो तक्ता कोणीतरी बसून लिहावा लागतो आणि पाळीच्या जागी 'साडेबारा' आले तर कोणती ओळ चुकली, हे कारकुनाला समजेल अशा शब्दांत सांगण्याची जबाबदारीही आज्ञावली लिहिणाऱ्यावरच येते.