एकच यंत्र, दोन डोळे

डीजेआय या चिनी कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये 'माविक २ प्रो' आणि 'माविक २ झूम' हे दोन ड्रोन बाजारात आणले. सांगाडा एकच, वजन सुमारे ९०० ग्रॅम. मुख्य फरक कॅमेऱ्याचा. त्यामुळे ही तुलना प्रयोगासारखी करता येते: एक घटक बदला, बाकीचे स्थिर ठेवा.

प्रोचा प्रकाशसंवेदक 'एक इंची' म्हणवतो. प्रत्यक्षात तो १३.२ × ८.८ मिलिमीटरच भरतो! हे नाव जुन्या कॅमेरा-नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आले आहे. तरीही त्याचे क्षेत्रफळ झूमच्या संवेदकाच्या सुमारे चौपट आहे. म्हणूनच संध्याकाळच्या मंद उजेडात प्रोचे चित्र अधिक स्वच्छ येते.

झूमचे भिंग दृश्य दुप्पट जवळ आणते. घरट्यापासून दूर राहून पक्ष्यांचे चित्रीकरण करायचे तर हा गुण मोलाचा. पण त्याची किंमत मोजावी लागते. पूर्ण झूमला छिद्र एफ/२.८ वरून एफ/३.८ होते, म्हणजे प्रकाश जवळजवळ निम्मा! शिवाय प्रोच्या छायाचित्रातून तेवढाच मधला भाग कापून घेतला, तर रुंदीत सुमारे ३,१०० बिंदू उरतात, झूमचे ४,०००. दुप्पट म्हणता म्हणता फायदा सव्वापटीच्या आसपासच उरतो.

आमच्या मते छायाचित्रांसाठी प्रो सरस. उडता उडता दृश्य जवळ आणायचे असेल तर झूम. जाहिरातीतला 'एक इंच' फळ्यावर लिहा आणि विद्यार्थ्यांना क्षेत्रफळ काढायला सांगा. तपासून पाहण्याची सवय कोणत्याही ड्रोनपेक्षा अधिक उपयोगाची आहे.