फुको आणि कुणबी नोंद

फुकोवरच्या प्रबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: ज्ञान म्हणजे सत्ता. फुको दोन्हींना एक मानत नाही. त्यांचं नातं तपासतो.

जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी घ्या. २०२३ मध्ये मनोज जरांगे यांचं उपोषण इथलंच. मागणी कुणबी प्रमाणपत्रांची. मग न्या. संदीप शिंदे समिती निजामकाळातल्या नोंदी शोधू लागली. खापरपणजोबाच्या नावापुढे कुण्या कारकुनाने लिहिलेला एक शब्द, आणि आज पोराचं आरक्षण त्यावर! नोंद ओळख नुसती टिपत नाही, घडवते. इथवर फुको चपखल बसतो.

पण त्याच्या तुरुंगावरच्या पुस्तकात (१९७५) फाईल माणसाला जखडते. इथे माणसंच फाईल मागतायत. म्हणून 'फुको लागू नाही' असं लिहून मोकळे होऊ नका. लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१९७६) तो हेही सांगतो, की ज्या शब्दांनी माणसांना बांधलं, त्याच शब्दांत ती हक्क मागतात.

मला खटकतं ते वेगळंच. ज्याची नोंदच सापडत नाही, त्याचं काय? दप्तरात सापडलेल्या माणसाबद्दल फुको भरभरून बोलतो, निसटलेल्याबद्दल फार कमी.