समेटाची परिभाषा

एकनाथांच्या (१५३३-१५९९) ‘हिंदु-तुर्क संवादा’चा निर्देश आपल्या समीक्षेत बहुधा धार्मिक समन्वयाचा पुरावा म्हणून होतो. शेवटच्या आलिंगनाचा गौरव केला जातो आणि त्याआधीचे भांडण सौजन्याने वगळले जाते. या वगळण्यातच संहितेचे मर्म हरवते.

या भारुडातील दोन्ही पक्ष परस्परांच्या श्रद्धांवर निर्दयपणे आघात करतात. तुर्क पुराणांतील देवांच्या वर्तनावर बोट ठेवतो. हिंदू एकाच दिशेला तोंड करून होणाऱ्या प्रार्थनेविषयी, पशुवधाविषयी आणि धर्मांतराविषयी प्रश्न उपस्थित करतो. तुर्काच्या तोंडी दखनी वळणाची बोली आहे, हिंदूच्या तोंडी मराठी. कोणालाही दुसऱ्याची भाषा स्वीकारावी लागत नाही, तरी बोलणे अडत नाही. शिवाय प्रतिपक्षाच्या धर्मकथा ठाऊक असल्याखेरीज असा उपहास संभवत नाही. येथे वैर आहे, पण अपरिचय नाही. भारूड हा प्रयोगरूप रचनाप्रकार; म्हणून सादर करणाऱ्याला आपल्याच देवांची निंदा उच्चारावी लागते आणि श्रोत्यांना ती ऐकून घ्यावी लागते. सलोख्याची पूर्वअट म्हणून नाथ श्रोत्यांकडे हीच सहनशीलता मागतात.

मात्र समेट कोणत्या परिभाषेत होतो, हा प्रश्न टाळता येत नाही. ऐक्याचा अंतिम उच्चार वेदान्ताच्या वळणाचा आहे. वाद दोन भाषांत चालतो; निवाडा मात्र एका पक्षाला अधिक परिचित असलेल्या तत्त्वज्ञानात होतो. पुढे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ (१६४५) मराठीत, योग आणि भक्ती यांच्या परिभाषेत रचला. त्यांचे कर्तृत्व असामान्य आहे. परंतु एका मुसलमान संताने मराठी भक्तिपरंपरेत येणे आपण ज्या सहजतेने ‘समन्वय’ म्हणून स्वीकारतो, तितक्या सहजतेने उलट दिशेचा प्रवास स्वीकारतो काय?

१९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर संतसाहित्याच्या नावे ऐक्याची ग्वाही देणे पुरेसे राहिलेले नाही. या मर्यादेमुळे नाथांचे मोठेपण उणावत नाही. निंदेचे उच्चारण हिंसेत न जाता युक्तिवादात कसे जाते, हे त्यांनी दाखविले. आलिंगनाची परिभाषा दोघांची कशी व्हावी, हे दाखविणे मात्र शिल्लक आहे. आणि त्यासाठी समीक्षेने शेवटाइतकेच भांडणही वाचले पाहिजे.