तुटलेला मज्जारज्जु आणि लॅम्प्रीची साक्ष

शास्त्रीय निबंध हा वाङ्मयपरीक्षणाचा विषय नव्हे, असें मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. कादंबऱ्यांचें परीक्षण करणारा टीकाकार प्रयोगशाळेंतील निबंधाच्या वाटेस जात नाहीं, आणि निबंधकारहि आपल्या सहव्यवसायी मंडळींपलीकडे कोणी वाचक असेल असें गृहीत धरीत नाहीं. परंतु कांहीं निबंध असे असतात कीं, त्यांचा निष्कर्ष दोन ओळींच्या बातमीच्या रूपानें घरोघर जाऊन पोंचतो. नारळाच्या झाडावरून पडून कमरेखालीं लुळा झालेला तरुण मुलगा ज्या घरांत अंथरुणावर पडून आहे, त्या घरांतील वडील माणूस ती बातमी कापून जपून ठेवतो. अशा निबंधाविषयीं शास्त्रज्ञांनींच काय तें बोलावें, इतरांनीं तोंड उघडूं नये, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

जानेवारी 2018 मध्यें ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला एक निबंध याच जातीचा आहे. लेखक एकंदर दहा. त्यांत न्यूयॉर्कच्या फाइनस्टाइन संस्थेंतील ओना ब्लूम व मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेंतील जेनिफर मॉर्गन या दोघी प्रमुख. लॅम्प्री नांवाच्या जलचराचा मज्जारज्जु छेदल्यावर तो पुन्हा सांधला जातांना कोणकोणतीं जनुकें जागीं होतात, हा त्याचा विषय.

हा प्राणी दिसावयास सुंदर नाहीं. शरीर वामासारखें लांबट, जबडा मुळींच नाहीं, आणि तोंडाच्या जागीं दांतांनीं भरलेली एक वाटोळी चकती. तिनें तो मोठ्या माशांस चिकटून त्यांचें रक्त शोषतो. त्याचा व आपला वंश फुटून 50 कोटींहून अधिक वर्षें लोटलीं. नांवांत समुद्र असला तरी त्याचीं पिलें कांहीं वर्षें नदीच्या गाळांत पुरून घेऊन राहतात, आणि प्रयोग झाले ते या पिलांवरच. वाचकांस कदाचित् गंमत वाटेल कीं, मनाचे कप्पे उघडण्यापूर्वीं व्हिएन्नाच्या तरुण सिग्मंड फ्रॉइडनें आपले आरंभींचे निबंध, 1877 व 1878 सालीं, याच प्राण्याच्या मज्जारज्जूंतील पेशींवर लिहिले होते.

लॅम्प्रीचा मज्जारज्जु आरपार कापला तर छेदाखालचें शरीर लुळें पडतें. परंतु दहाबारा आठवड्यांत तें पिलूं पुन्हा जवळजवळ पूर्ववत् पोहूं लागतें. माणसाच्या बाबतींत असें घडत नाहीं. स्पेनच्या रामोन इ काहाल या महापंडितानें 1913–14 मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत प्रौढ प्राण्याच्या मेंदूंत व मज्जारज्जूंत तुटलेलें पुन्हा उगवत नाहीं असा कठोर निवाडा दिला, आणि तो फिरवण्याचें काम भावी शास्त्राकडे सोंपवलें. पुढच्या पिढ्यांनीं त्यांतला निवाडा तेवढा लक्षांत ठेवला.

वुड्स होलच्या वातावरणाशीं या विषयाचें जुनें नातें आहे. 1888 सालीं स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेंत टॉमस हंट मॉर्गन (2018 च्या मॉर्गनबाई निराळ्या) उन्हाळ्यांत काम करीत. 1901 सालीं त्यांनीं पुनर्जननावर एक मोठा ग्रंथ लिहिला, पण पुढें तो विषय बाजूस ठेवून ते फळमाशीकडे वळले. आनुवंशिकशास्त्राचा पाया त्या माशीवर घातला गेला आणि 1933 चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. गंमत अशी कीं, आज पुनर्जननाचा अभ्यास ज्या जनुकांच्या द्वारें चालतो त्यांतील एक मोठें कूळ याच माशीच्या अभ्यासांतून आलेलें आहे. पंखच न फुटणारी माशी आर. पी. शर्मा व व्ही. एल. चोप्रा या भारतीय शास्त्रज्ञांनीं 1976 सालीं सविस्तर वर्णिली. माशीचें तें ‘विंगलेस’ जनुक आणि उंदरांतील ‘इंट’ नांवाचें जनुक हीं एकाच कुळांतलीं आहेत असें उघडकीस आल्यावर दोन्हीं नांवांची मोडतोड करून ‘विंट’ हें कुलनाम 1991 सालीं रूढ करण्यांत आलें. प्रस्तुत निबंधांत हें विंट-कूळच नायक आहे.

आतां निबंधाच्या गुणांविषयीं. लेखकांनीं छेदानंतर कांहीं तासांपासून बारा आठवड्यांपर्यंत ठराविक अंतरानें मज्जारज्जूंतील व मेंदूंतील जनुकांची हालचाल तपासली. मेंदु तपासण्याचें कारण काय, जखम तर पाठींत आहे, असें कोणीहि विचारील. पण पाठींतून जाणाऱ्या लांबलचक तंतूंच्या पेशी मेंदूंत असतात, आणि तेथेंहि पुष्कळ उलथापालथ आढळली. हा आम्हांस निबंधाचा सर्वांत सरस भाग वाटतो. दुसरें असें कीं, यांतील अनेक जनुकें आपल्यांतहि आहेत; सस्तन प्राण्यांच्या हातापायांतील मज्जातंतु दुखावल्यावर तीं कामास लागतात. म्हणजे लॅम्प्रीजवळ एखादी संजीवनी विद्या असून ती आपणांस अप्राप्य आहे असें नव्हे. तीच सामग्री आपल्याहि घरीं आहे, परंतु ती हातांच्या बोटांपर्यंत कामास येते आणि पाठीच्या कण्यांत येत नाहीं. प्रश्न ‘आपल्यांत काय नाहीं’ येथून ‘जें आहे तें तेथें कां चालत नाहीं’ येथें येऊन ठेपतो. एका निबंधानें प्रश्न इतका सरकवला, ही कामगिरी लहान नाहीं.

तिसरा प्रयोग म्हणजे निबंधाचा कळस. विंट-कुळाचें कार्य औषधानें रोखलें, तेव्हां पिलांस पुन्हा पोहतां येईनासें झालें. येथेंच वाचकानें थांबून विचार केला पाहिजे. तेल काढून घेतल्यानें दिवा विझला, यावरून तेल ओतल्यानें कोणताहि दिवा लागेल असें सिद्ध होत नाहीं. वात, काडी, वारा यांचाहि हिशेब असतो. निबंधकार हें जाणतात. परंतु मथळ्यांत त्यांनीं अत्यंत जतन होऊन राहिलेल्या रेणुमार्गांचा जो उद्घोष केला आहे, त्यामुळें घाईनें वाचणाऱ्याचा समज असा होतो कीं, मार्ग तोच असेल तर मुक्कामहि तोच असणार. तसें नाहीं. यिमिन झू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2005 व 2008 सालीं उंदीरवर्गीय प्राण्यांवर केलेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, मेंदूकडून पाठीकडे जाणाऱ्या कांहीं तंतूंना विंटचीं प्रथिनें दूर ढकलतात, आणि जखमेनंतर हा विरोध पुन्हा उद्भवून वाढीस अडथळा करतो. जें लॅम्प्रीस लागतें तेंच उंदरास नडतें! ज्या निबंधाचा सारा भर साम्यावर आहे त्यानें हें वैषम्य वाचकापुढें ठळकपणें मांडावयास हवें होतें. तें पुरेशा जोरानें मांडलेलें नाहीं, हा आमचा मुख्य आक्षेप.

दुसरा आक्षेप निबंधापेक्षां त्याच्या वार्ताहरांवर अधिक आहे. ‘लॅम्प्री तुटलेली पाठ जोडतो’ असें सांगितलें जातें, त्यांत अर्धी गोष्ट गळते. मेंदूपासून निघणाऱ्या मोठ्या तंतूंपैकीं सारेच जखम ओलांडीत नाहींत. कांहीं ठळक पेशी बहुतेक वेळीं वाढतात, तर कांहीं क्वचितच, आणि न वाढणाऱ्यांपैकीं पुष्कळ कालांतरानें मरतात. खुद्द मॉर्गनबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2010 सालीं दाखवलें होतें कीं, पोहणें परत आल्यावरहि नव्यानें जुळलेले सांधे विरळ व लहानच असतात. म्हणजे हा प्राणी पूर्वीचा वाडा जसाच्या तसा उभारीत नाहीं, पडक्या भिंतींवर छप्पर घालून संसार चालू करतो. आमच्या मतें आशेची खरी जागा येथें आहे. कारण माणसाच्या पाठींतील सारे तंतु पुन्हा जुळवणें दुर्घट असलें तरी थोड्या तंतूंवर बरेंच काम भागूं शकतें, ही साक्ष या प्राण्यानें दिली आहे. बातमीदारांस मात्र ती पुरेशी चमत्कारिक वाटत नाहीं.

भाषेविषयीं लिहावें तर निबंध रुक्ष आहे, आणि तसा असणें त्यास शोभतेंहि. केवळ एक गोष्ट खटकते. ‘जनावरें छेदलीं गेलीं’, ‘नमुने घेतले गेले’ अशा कर्मणि प्रयोगांच्या रांगेंत तो प्राणी हळूहळू दिसेनासा होतो आणि उरतात आंकडे. वास्तविक ज्या दिवशीं लुळ्या पिलाच्या शेपटीनें पहिल्यानें पाणी हलवलें असेल, त्या दिवसाचें चार ओळींत वर्णन आलें असतें तर शास्त्राची कांहीं हानि झाली नसती.

2019 सालीं मॉर्गनबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच विषयावर आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. बऱ्या झालेल्या पिलांच्या मज्जारज्जूस त्याच जागीं दुसऱ्यांदा छेद दिला, आणि मग वाट पाहिली. पिलें पहिल्या खेपेइतकींच चांगलीं पोहूं लागलीं. तंतूंची वाढहि पहिल्या खेपेइतकीच झाली, म्हणजे अपुरीच.